दुकान आडवं करायचं, पण घरातल्या माणसांचं काय?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून त्यांच्या परवानगीनं सारांश देते.

ताई पंचेचाळिशीच्या. ऊसपट्ट्यातलं गाव, बचत गटाच्या अध्यक्ष. एसटी स्टँड आणि शाळा यांच्या मधोमध सरकारमान्य देशी दारूचं दुकान आहे. दोन महिन्यांपूर्वी गटातल्या एकीचा नवरा दारूपायी गेला, मागे दोन मुली. तेव्हापासून बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं मतदान (उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा) मागायचं ठरवलंय, आणि अर्जावर पहिली सही ताईंनी करावी असा सगळ्यांचा आग्रह आहे. ताईंचे यजमान कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतात. रोज संध्याकाळी एक क्वार्टर, बाजाराच्या दिवशी दोन. हात उचलत नाहीत, पण निम्मी कमाई तिथंच जाते. मुलगा चोवीस वर्षांचा, पुण्यात आयटी कंपनीत. तो म्हणतो, “आई, बंदीनं काही होत नाही, चंद्रपूरला काय झालं बघ. मोठ्या माणसानं काय प्यावं, काय ओढावं हे त्याचं त्यानं ठरवावं.” दिवाळीत त्याची बॅग आवरताना ताईंना एका डबीत गांजा सापडला. त्यांनी डबी होती तशी ठेवली आणि आजवर कुणाला सांगितलं नाही.

त्या लिहितात, “जिच्यावर सरकारचा शिक्का आहे ती दारू मी बंद करायला निघालेय, आणि ज्या गांजाला कायद्यानं बंदी आहे त्यावर गप्प बसलेय. सही केली तर नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर येते, नाही केली तर गटातल्या बायकांच्या तोंडाकडे बघवत नाही. समाजानं हे सगळं मोकळं करावं की बंद? आणि माझ्यासारखीला पहिली सही करायचा अधिकार तरी आहे का?”

ताई, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला जास्त टोचतोय. ज्यांच्या घरात कुणी थेंबही घेत नाही अशाच बायकांनी सही करायची म्हटलं, तर महाराष्ट्रातल्या एकाही गावाचा अर्ज पुरा होणार नाही. या चळवळी उभ्या राहिल्या त्याच मुळी ज्यांच्या चुलीपर्यंत दारू पोचली होती त्या बायकांमुळे. तुम्ही स्वतःला ढोंगी म्हणता आहात. मला पत्रात ढोंग दिसलं नाही. मला दिसली ती एकटीनं दोन ओझी वाहणारी बाई, आणि त्यातलं एक ओझं तर तिनं कुणाला दाखवलेलंही नाही.

आता तुमचं ते वाक्य घेऊ: दारूवर सरकारचा शिक्का आहे आणि गांजाला बंदी आहे. शिक्का आहे म्हणजे ती गोष्ट कमी वाईट आणि बंदी आहे म्हणजे जास्त वाईट, असं आपण सगळेच धरून चालतो. कायदा बारकाईनं पाहिला की हे गणित सुटत नाही. आपल्या राज्यातल्या दारूच्या कायद्याचं नावच दारूबंदी कायदा आहे, १९४९ सालचा. मुंबई राज्यात १९५० पासून संपूर्ण बंदी होती. १९६० साली राज्य विभागलं, तेव्हा तोच कायदा महाराष्ट्राला आणि गुजरातला वाटून आला. गुजरातनं बंदी ठेवली, आपण त्याच दशकात परवान्यांचं दार उघडलं. आजही आपल्याकडे दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो. देशीचा एक दिवसाचा परवाना वर्षानुवर्षं दोन रुपयांना आहे, विदेशीचा पाच रुपयांना. तुमच्या यजमानांनी तो कधी काढला असेल असं वाटत नाही. राज्यघटनेचं ४७वं कलम सांगतं की राज्यानं दारूबंदीसाठी प्रयत्न करावा, आणि त्याच राज्याच्या तिजोरीत अलीकडच्या वर्षांत दारूच्या करापोटी दरवर्षी वीस हजार कोटींहून जास्त रुपये येतात. गांजाचं तसंच. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं त्या झाडाचे शेंडे आणि राळ गुन्ह्यात धरली, नुसती पानं बाहेर ठेवली. म्हणून भांग चालते, गांजा चालत नाही. झाड एकच.

हे सांगते ते कायद्याला नावं ठेवायला नव्हे. कोणत्या पदार्थावर शिक्का आणि कोणावर बेडी, हे इतिहासानं, महसुलानं आणि रूढीनं ठरत आलंय. शरीराला कशानं किती इजा होते याचा तराजू लावून कुणी ठरवलेलं नाही. तो तराजू लावलाच तर तुमच्या मुलाचं अर्धं म्हणणं मान्य करावं लागेल, दारू गांजापेक्षा हलकी ठरत नाही. दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सरळ सांगितलं. पण त्यावरून “म्हणून गांजाही मोकळा करा” इथं तो उडी मारतो, तिथं मी त्याच्याबरोबर जाणार नाही. त्याच्याकडे मी शेवटी येते.

आधी चंद्रपूर, कारण हे उदाहरण तुमच्या तोंडावर फेकलं जातंय. तिथल्या बायका वर्षानुवर्षं लढल्या, चिमूरहून चालत नागपूरच्या अधिवेशनावर गेल्या, आणि १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली. २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. कारणं दिली गेली ती अशी: चोरटी दारू फोफावली, गुन्हे वाढले, दारूच्या ने-आणीत बायका-मुलंसुद्धा ओढली गेली. तुमचा मुलगा इथं थांबतो. शेजारच्या गडचिरोलीत मात्र १९९३ पासून बंदी आहे आणि ती आजही टिकून आहे. फरक कशात पडला यावर वाद आहेत, पण एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गडचिरोलीत बंदीनंतर तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं सरकारबरोबर ‘मुक्तिपथ’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गावागावात संघटना बांधायच्या, चोरट्या विक्रीवर गावानंच लक्ष ठेवायचं, पिणाऱ्यांसाठी तालुक्याला दवाखाना आणि गावात उपचार शिबिरं भरवायची. कायदा तेवीस वर्षं हाताशी असूनही हे सगळं करावं लागलं. तेव्हा “बंदी केली की झालं” म्हणणारे जितके चुकतात, तितकेच “बंदीनं काही होत नाही” म्हणणारे. दुकान बंद होतं त्या दिवशी कामाला सुरुवात होते.

मुलाचा आणखी एक मुद्दा येईलच: बंदी केली की लोक विषारी दारू पिऊन मरतात. त्याला सांगा, जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं विषारी दारूनं गेली, आणि मुंबईत बंदी नव्हती. कोपऱ्याकोपऱ्यावर परवान्याची दुकानं होती. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटादकडे चाळीसहून जास्त गेले, तिथं बंदी होती. दोन्हीकडे माणूस मेला तो स्वस्ताच्या शोधात, आणि त्याला मिथेनॉल मिसळलेलं काहीतरी मिळालं म्हणून. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक ॲसिड होतं, ते आधी डोळ्यांवर येतं. प्यायलेला माणूस “धुकं पडल्यासारखं दिसतंय” म्हणाला, तर ती उतरायची वाट बघू नका, लिंबूपाणी देत बसू नका, त्याच घडीला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. हे तुमच्या गटातल्या प्रत्येकीला पाठ असलं पाहिजे. दुकान बंद झाल्यावर हातभट्टीचे फुगे गावात येण्याची शक्यता खरी आहे, आणि ती डोळ्याआड करून सही करू नये.

मग मोकळं करावं की बंद? माझं मत सांगते, तुम्ही तपासून घ्या. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो. विकणारा आणि पिणारा. विकणाऱ्याचे हात समाजानं जरूर बांधावेत. कुठं विकायचं, किती वाजेपर्यंत, कुणाला, आणि वस्तीला नको असेल तर तिथून उठून जायचं. पिणाऱ्याला मात्र तुरुंगात घालू नये, त्याला उपचार मिळावेत. बिहारनं २०१६ मध्ये कडक बंदी आणली, पिणाऱ्यालाही पकडलं. तुरुंग आणि कोर्टं गरिबांच्या खटल्यांनी भरली, आणि २०२२ मध्ये सरकारला कायदा बदलून पहिल्यांदा सापडलेल्याला दंड घेऊन सोडायची सोय करावी लागली. बाटली विकणारा मोठा मासा पैसे देऊन सुटतो आणि पोलिसाच्या हाती लागतो तो शेवटच्या घोटातला मजूर. म्हणून तुमच्या मुलाचं “मोठ्या माणसाला त्याचं ठरवू द्या” हे वाक्य मी पिणाऱ्यापुरतं निम्मं मान्य करते. विकणाऱ्याला ते लागू पडत नाही. शाळेच्या वाटेवर गुत्ता असावा की नाही, हा त्या वाटेनं रोज जाणाऱ्या पोरींचा आणि त्यांच्या आयांचाही प्रश्न आहे. आणि निम्मंच का म्हणते? ज्या पैशांनी क्वार्टर येते ते एकट्याचे नसतात म्हणून. त्यात तुमच्या घरचं तेलमीठही असतं.

उभी-आडवी बाटली मला म्हणूनच पटते. हे मतदान कुणाच्या पिण्यावर नसतं. नवऱ्यावर तर नाहीच नाही. एक दुकान, एक परवाना, एवढ्यापुरतं ते असतं. यजमानांची अब्रू चव्हाट्यावर येईल म्हणता, तर अर्जावर कुठंही त्यांचं नाव नसतं. पण त्यांना हे बाहेरून कळू देऊ नका. सही करायच्या आधी, ते प्यायलेले नसतील अशा वेळी, सकाळी चहा देताना सांगा. म्हणा, “मी दुकानाच्या विरोधात सही करणार आहे. तुमच्या विरोधात नाही. स्टँडवरून शाळेला जाणाऱ्या पोरी बघून करतेय.” ते चिडतील. चिडू द्या, भांडू नका, पण माघारही घेऊ नका. आणि त्यांच्या चिडण्यात मारहाणीची जराही चाहूल लागली, तर घरात अडकून राहू नका. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे, आणि घरगुती हिंसेविरुद्धच्या २००५ च्या कायद्यानं नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत. तुमच्या पत्रावरून ही वेळ येईल असं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणावर येऊ शकते.

इथं थोडं थांबते आणि माझ्या मामांबद्दल सांगते. हे सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं अपुरं राहील.

मामा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या घरात आजही “काविळीनं गेले” असंच म्हणतात. तुमच्याकडेही असं म्हणत असतील. काविळीनं गेलेल्या चाळिशीतल्या माणसांची आपल्या गावागावात यादी केली, तर तिच्यात दारूनं गेलेलेच किती निघतील. मामांनी एकदा सोडायचं मनावर घेतलं होतं. आषाढी एकादशीला आजोबांनी त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. माळ घातली म्हणजे सुटली, असा सगळ्यांचा विश्वास. पहिल्या दिवशी हात इतके थरथरत होते की चहाची बशी तोंडाला लावता येईना, मामीनं चमच्यानं पाजला. तिसऱ्या रात्री ते गोधडीवरून काहीतरी वेचायला लागले. एक एक चिमटीत धरून बाजूला टाकायचे. “मुंग्या आहेत गं,” म्हणायचे. मुंग्या नव्हत्या. घामानं अंगरखा भिजलेला, डोळे तारवटलेले. कुणी म्हणालं बाहेरचं लागलंय, कुणी अंगारा आणला. पहाटे फिट आली तेव्हा कुठं जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं. वाचले त्या वेळी. पण घरी आल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की सोडली म्हणून असं झालं. महिन्याच्या आत माळ खुंटीला लागली.

आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली तर शरीर असं बंड करतं. पहिल्या दिवसातच थरथर, घाम, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भास होतात, आणि उपचार झाले नाहीत तर माणूस जाऊही शकतो. दवाखान्यात हे औषधांनी आवरता येतं, थोड्या दिवसांचं काम असतं. मामांना बाहेरचं काही लागलं नव्हतं. त्यांना डॉक्टर लागत होता.

तुमच्या गावात दुकान आडवं झालं, तर त्या आठवड्यात असे किती मामा घरोघरी थरथरत बसतील याचा विचार कुणी केलाय का? कोरोनाच्या काळात हे आपण पाहिलं. दुकानं बंद होती तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं मेली, एप्रिल २०२१ मध्ये. म्हणून मतदानाच्या तयारीबरोबरच ही तयारीही गटानं करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आशाताईंना बरोबर घ्या. गावात रोज पिणारे कोण हे बायकांना तोंडपाठ असतं, त्यासाठी सर्वेक्षण नको. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना आधी भेटा, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात दारू सोडवण्याची सोय कुठं आहे ते विचारून ठेवा. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा फोन आहे, मनाच्या तक्रारींसाठी टेलिमानसचा १४४१६. दोन्ही फुकट. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ पासून हेच काम करतंय. जवळ कुठं अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा भरते का तेही बघा. त्या सभेला पैसे लागत नाहीत आणि तिथं कुणी उपदेश करत नाही, पिऊन सोडलेली माणसं आपलं आपलं सांगतात. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात. यजमान जावोत न जावोत, तुम्ही मात्र जमलं तर एकदा जाऊन या. इतकी वर्षं दुसऱ्याची दारू सांभाळणाऱ्या बाईला स्वतःसाठी बसायला अशी जागा क्वचित मिळते.

अर्जाबद्दल थोडं कामाचं. गावातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान पंचवीस टक्क्यांनी लेखी मागणी केली की सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान. अडचण आहे ती पुढं. मोजणी आलेल्या मतांवर होत नाही, यादीतल्या एकूण मतदारांवर होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे घरी बसलेली बाई उभ्या बाटलीलाच मदत करते. लग्न होऊन सासरी गेलेली पोर, ऊसतोडीला बाहेर असलेली मजूर बाई, वारलेली आजी, ही सगळी नावं यादीत असली तर ती तुमच्या विरोधातच मोजली जातात. कितीतरी गावांत बायकांनी उत्साहानं मतदान केलं, आडवी बाटली जिंकलीही, आणि तरी दुकान राहिलं, ते या हिशेबामुळे. तेव्हा घोषणा नंतर, आधी मतदार यादी घेऊन बसा. पडताळणीला अधिकारी येतील त्या दिवशी सह्या केलेल्या बायका शेतावर न जाता गावात हव्यात. फक्त महिलांचं मतदान मागायचं की सगळ्यांचं, हेही आधी ठरवा. नियमांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन आजचा नियम लेखी मागा. आणि एक: नवे परवाने सहसा निघत नाहीत, त्यामुळे बंद झालेलं दुकान उचलून दुसरीकडे नेलं जातं. शेजारच्या गावातल्या बचत गटाला आजच कळवा, नाहीतर तुमचं दुःख त्यांच्या वेशीत जाऊन बसेल. साताऱ्याच्या जावळी तालुक्यानं एकेका गावापुरतं न पाहता तालुकाभरची परवान्याची दुकानं मतदानानं बंद केली, ते मला त्यासाठीच मोठं वाटतं.

आता मुलगा.

डबी होती तशी ठेवलीत, आरडाओरडा केला नाहीत, हे बरं केलंत. पण गप्प राहून आता बरेच दिवस झाले. त्याला वाटतंय आईला माहीत नाही, आणि तुम्ही त्याच्याशी दारूबंदीवर वाद घालताय तेव्हा मनात ती डबी आहे. वाद त्यामुळेच कडवट होतोय. पुढच्या वेळी तो घरी येईल तेव्हा दोघंच असताना सांगून टाका: “दिवाळीत मला डबी दिसली. बाबांना सांगितलेलं नाही. मला समजून घ्यायचंय.” मग विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. किती दिवसांनी ओढतो? एकटा की मित्रांत? झोप लागावी म्हणून, की कामाचा ताण उतरावा म्हणून? तो कुणाकडून घेतो हे तर नक्की विचारा. पुण्यात गांजा देणारा हात बऱ्याचदा उद्या एमडी पुढं करतो, म्हणजे मेफेड्रोन, आणि ते फार वेगळं प्रकरण आहे. महिन्यातून एकदा मित्रांत ओढणारा पोरगा आणि रोज रात्री एकटा ओढल्याशिवाय न झोपणारा पोरगा, दोघांना एकच सल्ला देता येत नाही. रोज ओढणाऱ्या तरुणांत मनाचे गंभीर आजार उमटण्याचा धोका वाढतो, घराण्यात असा आजार असेल तर जास्तच. असं कुणी तुमच्या माहेरी किंवा सासरी होतं का हे त्याला माहीतही नसेल. सांगा त्याला. आणि ज्या घरात बापाची रोजची क्वार्टर आहे, तिथला मुलगा सवयीच्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त जपून राहायला हवा, हेही.

कायद्याची भीती दाखवू नका, पण माहिती द्या. डबीभर गांजा बाळगणं हाही आज गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पासपोर्ट आणि नोकरी दोन्हीला ती केस चिकटते. त्याच कायद्यात ६४अ नावाचं एक कलम आहे, जे फार कमी जणांना ठाऊक आहे. व्यसन जडलेला माणूस अल्प प्रमाणासह सापडला आणि सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेऊन त्यानं ते पुरे केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार मागायला जाणं म्हणजे पोलिसांच्या हाती जाणं, ही भीती त्यामुळे बाळगू नये.

तो पोर्तुगालचं नाव घेईल, ही पोरं घेतातच. २००१ पासून तिथं स्वतःपुरता पदार्थ बाळगणाऱ्याला तुरुंगात घालत नाहीत, हे खरं. पण त्याला मोकळंही सोडत नाहीत. एका समितीपुढं बसवतात, तिथं त्याच्याशी बोलतात, उपचारांकडे वळवतात. आणि विकणं तिथं अजूनही गुन्हाच आहे. थायलंडनं २०२२ मध्ये गांजा एकदम मोकळा केला, हजारो दुकानं उघडली, आणि २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट परत घालावी लागली. म्हणजे तुमचा मुलगा ज्या देशाचा दाखला देईल, तो देशही विकणारा आणि वापरणारा यांना वेगळं करूनच चालतोय. त्याच्याशी वाद इथं घाला, ताई. मला वाटतं तो ऐकेल. आईनं पोर्तुगाल वाचून यावं, याची त्याला अपेक्षा नसेल.

पहिली सही करा. मला विचाराल तर हो. यजमानांना सांगून, आणि मुलाशी डबीबद्दल बोलून झाल्यावर. कुणी तोंडावर म्हणालंच, “आधी तुझ्या घरात बघ,” तर खाली मान घालायचं कारण नाही. “बघतेय, म्हणूनच आलेय,” एवढं म्हणा.

आणि यजमानांबद्दल एक राहिलंच. दुकान आडवं होवो न होवो, त्यांनी सोडायचं मनावर घेतलं तर गळीत हंगामात एकाएकी सोडू देऊ नका. थरथरत्या हातांनी, दोन ट्रॉल्या ऊस मागं लावून, रात्रीच्या रस्त्यावर स्टिअरिंग धरलेला माणूस फिट आली तर स्वतःबरोबर आणखी कुणाला घेऊन जाईल. डॉक्टरांना आत्ताच भेटून या, त्यांचा धंदा काय आहे ते सांगा. ते म्हणाले हंगाम संपेस्तोवर थांबा, तर थांबा. ते म्हणाले आजच भरती करा, तर ट्रॅक्टरवर बदली माणूस बघा. नाहीतर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, ट्रॅक्टर दारात लागला, की पहिल्याच सोमवारी दोघं मिळून तालुक्याला जा. बरोबर डबा घ्या, काही दिवस राहावं लागेल.